उसनं पुस्तक कसं वाचावं

पुस्तक विकत घेणं हा शुद्ध अपव्यय आहे. पुस्तक मागून न्यावं. त्यातही ते दुसऱ्याच्या आजोबांचं असेल तर उत्तम, कारण तसलं दुकानात मिळत नाही आणि 'भरून द्या' असं म्हणायची कुणाची सोय राहत नाही.

मागताना 'चार दिवसांत आणून देतो' म्हणावं. कुठले चार, ते सांगू नये.

आमच्या आजोबांनी 1936 साली घेतलेलं एक प्रवासवर्णन नुकतंच सोसायटीतल्या एका सुसंस्कृत गृहस्थांकडून परत आलं. खालचे सगळे धडे त्यांचेच. लाकडाच्या लगद्याचा जुना कागद त्यातल्या आम्लाने पिवळा पडून पापडासारखा झालेला असतो. तो बोटाला थुंकी लावूनच उलटावा. खुणेसाठी कोपरा दुमडावा. कोपरा तुटून हातात आला तर तोच खूण म्हणून ठेवावा. पान फाटलं तर सेलोटेप आहेच. पुढे त्याचा डिंक पसरतो, पानं एकमेकांना चिकटतात, पण तोवर पुस्तक मालकाच्या कपाटात गेलेलं असतं.

कपाखाली बशी नसेल तर मुखपृष्ठ आहे.

आता मुख्य काम. बॉलपेन घ्यावं, लाल असल्यास बरं, आणि लेखकाचं शुद्धलेखन तपासायला बसावं. जुन्या पुस्तकांत 'केलें', 'नांव', 'कांहीं', 'आंत' असं छापलेलं असतं. छापणाऱ्याला बिचाऱ्याला मराठी येत नसणार! प्रत्येक टिंबावर फुली मारावी, समासात 'अशु.' लिहावं, एकही सुटू देऊ नये. 1962 साली नियम बदलले, तोवर हेच शुद्ध होतं असं कुणी म्हणालं तर हसावं. 'गेलें' म्हणजे तारू आणि 'गेले' म्हणजे खलाशी, हा फरक त्या टिंबावरून कळायचा, पण आपल्याला कुठे समुद्रावर जायचंय? छापखान्यातल्या कुणा कंपोझिटरने डोळे फोडून अक्षराचा एकेक खिळा जुळवला, कुणी प्रुफं तपासली, ती सगळी माणसं अडाणी आणि शहाणे एकटे आपण. पुस्तकात जुन्या 'किर्लोस्कर' मासिकाचं कात्रण होतं. त्यातल्या 'अितका' आणि 'अुत्तर'वर तर दोन दोन फुल्या. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी आहे हो ती, इ-उ ऐवजी अि-अु लिहायची! मासिक मुद्दाम तशी छापायचं. विचारायचं तरी.

परत देताना 'बरंच सुधारून दिलंय' असं म्हणावं. हे मी रचलेलं नाही.

हेच गृहस्थ 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो टाकत होते. नाणेघाटातला शिलालेख, गाथासप्तशती, दोन हजार वर्षं, ऊर भरून आलेला. अहो, दोन हजार राहू द्या, तुम्हाला नव्वद वर्षांपूर्वीचं पान वाचवेना! तुमच्या आजीने 'पत्र पावलें' लिहिलं असेल, तिथेही फुली मारणार? भाषा काय तुमच्या दहावीच्या पुस्तकापासून सुरू झाली? नाही कळलं तर शब्दकोश बघावा. दाते-कर्व्यांनी 1932 ते 1938 या काळात सात खंड काढून ठेवलेत, चांगल्या ग्रंथालयात मिळतात. तेही जुन्याच लेखनात आहेत, तेव्हा जाताना पेन घरी ठेवून जा.

पुस्तक वाचायला दिलं होतं, तपासायला नाही. पेन्सिल वापरली असती तर खोडून तरी काढलं असतं. बॉलपेनाने त्या कागदाला भोकं पडलीत, आणि ती बुजवायचा उपाय कुठल्याही बाइंडरकडे नाही. एवढं करून वर रविवारी दुसरं पुस्तक न्यायला येणार म्हणता? येऊ नका. यायचंच असेल तर पान 41-42 घेऊन या. ते पुस्तकात नाही.