सीलंट, गोळी आणि मागावरचे कापड

मागच्या रविवारी शेडच्या पत्र्यावरील खिळ्यांची भोके सिलिकॉनने बुजवत होतो, तेवढ्यात भाच्याने मोबाइल पुढे केला. परदेशातील एक गृहस्थ गळती थांबवणाऱ्या रबरी सीलंटचे थरावर थर फळीवर चढवून त्यावर पिस्तूल झाडत होते. "मामा, भोक बघा किती बारीक पडलंय! निम्मी गोळी रबरानंच अडवली असणार," असा त्याचा निष्कर्ष. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ज्या गावाचे पोट चादरी आणि टॉवेलवर चालत आले त्या सोलापुरात तरी तो सहज पटू नये, असे माझे मत आहे.

आधी त्या बारीक भोकाविषयी. डब्याच्या झाकणावर सांडून वाळलेला सिलिकॉनचा बोटभर जाड थर आमच्याकडे पडून होता. त्यात दाभण आरपार घालून बाहेर काढले, तर छिद्र कुठे पडले ते भाच्याला सापडेना. थर दोन्ही हातांनी ताणल्यावर मात्र त्यातून उजेड दिसला. रबर बाजूला सरून वाट देते आणि मागाहून मिटते, त्यामुळे भोकाच्या आकारावरून गोळीचा जोर किती कमी झाला हे मुळीच ठरत नाही.

पिस्तुलाची ९ मिमी गोळी साधारण ८ ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने येते. तिची ऊर्जा भरते जवळपास ४९० ज्यूल, म्हणजे सिमेंटचे ५० किलोचे पोते एक मीटर उंचीवरून पडावे इतकी, आणि तीही करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर. एवढा भार एका ठिकाणी न साचू देता आजूबाजूला पसरवणे हेच खरे काम आहे, आणि ते धागा करतो. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ साली ड्युपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीत शोधलेल्या केवलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचे, बुलेटप्रूफ जॅकेटात वापरतात ते कापडही उभ्या-आडव्या धाग्यांनीच विणले जाते. गोळी थेट मोजक्याच धाग्यांवर आदळते, पण ते ताणले जाताना प्रत्येक ओलांडणीवर शेजारच्या धाग्यांना ओढतात, आणि असे वीस-तीस थर मिळून तिला चेपून थोपवतात. (आपल्या चादरीचे थर रचून हे साधणार नाही, सुताला तेवढी ताकद नाही.) बरे, गोळी थांबली म्हणजे माणूस वाचला असेही नाही. अमेरिकी मानकात जॅकेटमागे माती ठेवतात आणि तिच्यात ४४ मिमीपेक्षा खोल खड्डा पडला तर ते जॅकेट नापास होते. आपल्याकडे यासाठी आयएस १७०५१ हे मानक आहे.

रबर पुरेसे जाड असेल तर गोळी थांबते, हे खरे. नेमबाजीच्या मैदानावर रबराच्या तुकड्यांचे जाड बांध त्यासाठीच घालतात. पण मग वाळूचे पोतेही थांबवते. रबराचा खरा उपयोग दुसऱ्या महायुद्धातील विमानांनी दाखवला. त्यांच्या इंधनटाक्यांना कच्च्या रबराचा थर असे. गोळी टाकीत शिरायचीच, पण पेट्रोल लागताच ते रबर फुगून भोक बुजवायचे आणि विमान परत येऊ शकायचे.

हे ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे जॅकेटात सीलंटचं कामच नाही?" आहे की. केवलारचे विणलेले कापड भिजले की त्याची गोळी अडवण्याची क्षमता घटते, म्हणून त्याचे थर पाणी न शिरणाऱ्या खोळीत बंद करतात. एवढे सांगून मी त्याला पुन्हा पत्र्यावर चढवले, कारण पाच भोके अजून उरली होती.