चाकू आठवतो, चेहरा नाही
साक्षीदारांबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की भीतीच्या क्षणी लक्ष तीक्ष्ण होतं, म्हणून घाबरलेल्या साक्षीदाराचं सांगणं जास्त खात्रीचं. हे अर्धंच खरं आहे. लक्ष तीक्ष्ण होतं, पण एकाच जागी, बाकीचं निसटतं. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रयोगात लोकांना चित्रं दाखवून त्यांची नजर कुठे जाते ते मोजलं. चित्रातल्या गिऱ्हाइकाच्या हातात चेकऐवजी पिस्तूल असलं की नजर पुन्हा पुन्हा तिथेच जायची, जास्त वेळ रेंगाळायची.

माझ्या आईची पोत आमच्याच जिन्यात चाकू दाखवून हिसकावली. चाकूच्या मुठीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तिचं एक टोक सुटून लोंबत होतं, हे ती आजही सांगते. चेहरा? मिशी होती की नव्हती, तेही नाही. चौकीत ‘आजी, एवढ्या जवळून बघूनही सांगता येत नाही?’ असं दरडावून विचारलं, तर आपलंच चुकल्यासारखी मान खाली घालून बसली बिचारी. तिचं काडीचंही चुकलेलं नव्हतं. पुढे ओळख परेडला बोलावलं, तेव्हा ‘नीट आठवून बघा’ म्हणून किती आग्रह झाला! तिने कुणाकडेही बोट दाखवलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो.