बेटावरचा कारखाना बंद करावा कसा?

समजा, तुमच्या मालकीचा टूनाचा, म्हणजे आपल्या कुप्याच्या भाऊबंदांचा, डबाबंद कारखाना आहे आणि तो भर प्रशांत महासागरात, अमेरिकेच्या ताब्यातल्या अमेरिकन सामोआ बेटावर, पागो पागो बंदरात आहे. बंद करायचाय? घाबरू नका, तिथे ही कामं याआधी झालेली आहेत.

आधी बेटाला लळा लावा. घाई नको, अर्धं शतक जाऊ द्या. अमेरिकेत माल न्यायला जकात नाही, परदेशी बोटींना थेट मासळी उतरवायला मुभा. एवढं असताना बेटाने दुसरा धंदा शोधायची दगदग कशाला करावी? सरकारी नोकरी, नाहीतर कारखाना. शेजारच्या स्वतंत्र सामोआतूनही माणसं बोलवा. उकडलेल्या माशाचं कातडं, काटे काढत दिवसभर उभं राहायचं. पांढरं मांस माणसांच्या डब्यात, काळपट मांजरांच्या.

निघण्याचं कारण वॉशिंग्टन पुरवेल. 2007 साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेटावरचं किमान वेतन दरवर्षी 50 सेंटनी वाढवायचा कायदा केला. कारखान्यात तेव्हा तासाला 3.26 डॉलर मिळत. अमेरिकन सामोआच्या प्रतिनिधीला सभागृहाच्या अंतिम मतदानात मत नाही, त्यामुळे चर्चा आटोपशीर होते. तुम्ही फक्त हळहळा. थायलंडमधली मजुरी आधीपासूनच डॉलरच्या आत होती, हे बोलून दाखवायची गरज नाही.

मुहूर्त मात्र पाळावा. ‘चिकन ऑफ द सी’ या टूना कंपनीने आपला इथला कारखाना बंद करायला 30 सप्टेंबर 2009 ही तारीख दिली होती. 29 ला त्सुनामी आली, बेटावर तीसहून जास्त माणसं गेली. 30 ला कारखाना ठरल्याप्रमाणे बंद. दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या, पण वक्तशीरपणाला बोट लावायला जागा नाही!

पुढे काटे काढायचं काम स्वस्त देशात द्या, गोठवलेले तुकडे आणून डबे अमेरिकेत भरा. तुकड्यांवरची जकात नाममात्र. जॉर्जिया राज्यातल्या लायन्स गावात या कामाला दोनेकशे माणसं पुरली.

मागे राहिलेल्यांचं काय, असं कुणी विचारेलच. जहाज येताना तांदूळ, सिमेंट, टर्कीच्या शेपट्या आणतं. जाताना टूनाचे डबे न्यायचं. डबे नसले की कंटेनर रिकामे परततात, आणि त्या रिकाम्या फेरीचं भाडं दुकानात शेपट्या घ्यायला उभी असलेली बाई भरते. विजेचंही तसंच: मोठं गिऱ्हाईक गेलं तरी वीजकेंद्राचा खर्च तिथेच राहतो, तो उरलेल्यांनी वाटून घ्यायचा.

इमारतीची चिंता नको, घेणारा भेटतो. ट्राय मरीन या टूना कंपनीने त्याच जागी 2015 च्या जानेवारीत नवा कारखाना उघडला आणि 2016 च्या डिसेंबरात डबे भरणं थांबवलं. अर्धं शतक लागायचं ते काम दोन वर्षांत; याला म्हणतात उत्पादकता.

आता उरलाय स्टारकिस्ट कंपनीचा कारखाना, मालक दक्षिण कोरियाचे. असे एकटे उरलात की वाटाघाटी फार सोप्या. ‘आम्हीपण निघू का?’ एवढंच पुटपुटायचं. किमान वेतनाची ती वार्षिक वाढ पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि 2015 पासून तीन वर्षांतून एकदा, 40 सेंटवर आली.

दारात चष्मा-टोपीवाल्या चार्ली टूनाचा, म्हणजे स्टारकिस्टच्या जाहिरातीतल्या माशाचा, पुतळा आहे. तो सोबत न्यायचा की बेटाला भेट द्यायचा, ते निघण्यापूर्वी करसल्लागाराला विचारून घ्या.