‘अनुभवी नर्सला चेहऱ्यावरूनच कळतं’ : या मजकुराला उत्तर

रुग्णांचे नातेवाईक, नर्सिंगचे विद्यार्थी, कधी कधी डॉक्टरसुद्धा एक मजकूर मोठ्या कौतुकाने एकमेकांना पाठवतात. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. अनुभवी नर्सला रुग्णाचं दुखणं चेहऱ्यावरून कळतं, ‘शून्य ते दहापैकी किती दुखतं’ वगैरे विचारायची गरज नसते. ज्याला खरोखर दुखतं त्याला झोप लागत नाही, तो हसत नाही, मोबाइल बघत नाही. नाडी आणि रक्तदाब ठीक असतील तर तक्रार खोटी. शंका आली तर नुसत्या सलाइनचं इंजेक्शन द्या. बरं वाटलं की नाटक उघडं पडलं. वेळेआधी इंजेक्शन मागणारा व्यसनाच्या वाटेवर आहे. तान्ह्या बाळांना आणि बेशुद्ध रुग्णांना दुखत नाही. आणि एकूणच थोडं सोसावं, कारण औषधाने दुखणं दबलं की आजार झाकला जातो.

मी बरीच वर्षं शस्त्रक्रियेनंतरच्या वॉर्डात काम केलं आणि आता नव्या नर्सना शिकवते. मजकूर लिहिणाऱ्याला नर्सचा गौरव करायचा असेल, पण यातल्या एकेका वाक्यापायी कुणीतरी रात्रभर तळमळत पडतं. म्हणून हे दावे एकेक करून घेते.

आधी चेहरा. नर्सने बघून केलेला अंदाज आणि रुग्णाने स्वतः सांगितलेलं दुखणं यांची तुलना करणारे अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. त्यांचा सूर एकच आहे : आपण कमी धरतो, आणि दुखणं जितकं तीव्र तितकी ही तफावत मोठी. अनुभवाने ती आपोआप मिटत नाही. हजार रुग्ण पाहिलेल्या नर्सची नजर कण्हण्याला सरावलेली असते, हेही विसरू नये. काही माणसं मोठ्याने ओरडतात, काही दात आवळून गप्प पडून राहतात. दोघांच्या पोटावर तोच टाका असू शकतो. जखमेच्या आकारावरूनही काही ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांविषयी हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने १९४६ मध्ये लिहिलं. गंभीर जखमा असूनही त्यांतल्या बहुसंख्यांना विचारल्यावर वेदनाशामक नको होतं. आपण जिवंत सुटलो, ही जाणीव त्यामागे असावी असं त्याला वाटलं. तेवढीच जखम नागरी आयुष्यात झालेला माणूस मॉर्फिन हे जोरदार वेदनाशामक मागतो. दोघंही खरं बोलत असतात.

१९६८ मध्ये मार्गो मॅक्कॅफरी या नर्सने मांडलं की दुखणं म्हणजे ते सोसणारा माणूस जे सांगेल ते, आणि तो म्हणेल तेव्हा ते असतं. त्या काळी हे धाडसाचं होतं. आज जगभरच्या नर्सिंग शिक्षणाचा पायाच तो आहे. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली १९७९ ची व्याख्या सुधारली, तेव्हाही माणसाने आपल्या दुखण्याबद्दल सांगितलेलं मानलं जावं असं स्पष्ट लिहिलं.

मजकुरात चेहऱ्यांच्या तक्त्याचाही उल्लेख ‘लहान मुलांचा खेळ’ असा येतो. १९८३ च्या सुमारास डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी मुलांसोबत काम करून, किती दुखतं ते दाखवण्यासाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता तयार केला. तो वापरताना होणारी नेहमीची चूक म्हणजे नर्सने मुलाच्या तोंडाकडे बघून त्याच्याशी जुळणारं चित्र निवडणं. बोट मुलाने ठेवायचं असतं. हसऱ्या मुलाने रडका चेहरा दाखवला तर नोंद रडक्या चेहऱ्याची होते.

आता तो ‘शून्य ते दहा’चा आकडा. त्याची थट्टा करणाऱ्यांना वाटतं की एका रुग्णाचे आठ आणि दुसऱ्याचे आठ सारखे कसे असतील. नसतातच, आणि तशी तुलना करण्यासाठी तो आकडा विचारतही नाहीत. रुग्णाची तुलना त्याच्याशीच करायची असते : औषधाआधी किती, औषधानंतर किती. शिरेतून औषध दिलं तर पंधरा ते तीस मिनिटांनी, तोंडाने दिलं तर तासाभराने परत विचारायचं. हे परत जाणं राहिलं तर पहिला आकडा नुसता कागदावर पडून राहतो. माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त हेळसांड इथेच होते. विचारण्यात नाही, परत जाऊन विचारण्यात.

आणि पडल्या पडल्या किती दुखतं एवढं विचारून भागत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण निश्चल पडलेला असताना ‘दोन’ म्हणतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. त्याला खोकायला सांगा, कुशीवर वळायला सांगा, आकडा आठवर जातो. म्हणून तो खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठून बसत नाही. कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, न्यूमोनियाला वाट मिळते. पाय हलत नाहीत म्हणून शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून हालचालीच्या वेळचं दुखणं वेगळं विचारायचं, औषधाचा अंमल चढलेला असेल अशा वेळी व्यायाम आणि चालणं ठेवायचं, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवायचं. ‘थोडं सोसावं’ या सल्ल्याला माझं उत्तर एवढ्यातच आलं.

आकड्यासोबत बाकीचे प्रश्नही असतात. कुठे दुखतं, कुठे पसरतं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, आणि कसं दुखतं. ठणका लागलाय, की आग होतेय, की विजेसारखी चमक मारते? ज्या जागी साधं कापड टेकलं तरी भगभगतं आणि मुंग्या येतात, तिथे नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, दुखणं असण्याची शक्यता असते. त्याला नेहमीच्या गोळ्या फारशा दाद देत नाहीत, गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं लागतात. हे चेहऱ्यावर कुठे लिहिलेलं असतं?

झोप आणि मोबाइलचा दावा तर धोकादायक आहे. मन दुसरीकडे वळवणं ही दुखणं कमी करण्याची मान्य रीत आहे, आम्ही ती मुद्दाम शिकवतो. रुग्ण ती आपणहून वापरतो तेव्हा त्याला खोटं ठरवायचं? थकून गेलेला माणूस दुखत असतानाही झोपतो. शिवाय मॉर्फिन गटातल्या औषधांनी गुंगी येते, आणि गुंगी आली म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे. या औषधांत श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. त्यामुळे असा रुग्ण गाढ झोपलेला दिसला की ‘बरं झालं, झोपला’ म्हणून पुढे जायचं नाही. श्वास एक मिनिट पूर्ण मोजायचा, हाक मारल्यावर तो डोळे उघडतो का आणि बोलता बोलता पुन्हा पेंगतो का ते बघायचं. पेंगत असेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं आणि मॉर्फिनवरचा उतारा असलेलं नॅलोक्सोन हाताशी ठेवायचं. रुग्णाने स्वतः बटण दाबून औषध घ्यायचा पंप असेल, तर ते बटण नातेवाइकाने दाबायचं नाही, हे याच कारणासाठी बजावून सांगतात. जो शुद्धीत आहे तोच दाबू शकतो, आणि गुंगी वाढली की दाबणं आपसूक थांबतं, ही त्या यंत्राची मुख्य सुरक्षा आहे.

नाडी आणि रक्तदाबाबद्दल थोडक्यात. अचानक उठलेल्या दुखण्यात ते वाढू शकतात, पण शरीर लवकरच जुळवून घेतं. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारं औषध, घेणाऱ्याची नाडी फारशी वाढणार नाही. उलट नाडी वाढलीच तर ती ताप, रक्तस्राव, भीती यांमुळेही असू शकते. आकडे वाढले तर शोध घ्या. वाढले नाहीत म्हणून कुणाला खोटं पाडू नका.

सलाइनच्या इंजेक्शनची युक्ती मला सगळ्यात जास्त खटकते. १९७८ मध्ये लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निष्क्रिय इंजेक्शनाने ज्यांना आराम पडला होता, त्यांचं दुखणं नॅलोक्सोन दिल्यावर वाढलं. नॅलोक्सोन मॉर्फिनचा परिणाम रोखतं. म्हणजे तो आराम शरीराने स्वतः तयार केलेल्या मॉर्फिनसारख्या द्रव्यांमुळे पडलेला होता. दुखणं खरं होतं आणि उतारही खरा होता. सलाइनने बरं वाटलं यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की त्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवला. तो फसवून मिळवलेला विश्वास कळल्यानंतर तो खरं इंजेक्शनही संशयाने घेईल.

व्यसनाच्या दाव्यावर जरा थांबायला हवं, कारण त्यामागची भीती निराधार नाही. आधी तीन गोष्टी वेगळ्या करू. काही दिवसांनी तेवढ्याच डोसचा परिणाम कमी होणं वेगळं. औषध एकदम बंद केल्यावर घाम, जुलाब, अस्वस्थता होणं वेगळं. म्हणून तर ते हळूहळू कमी करतात. नुकसान दिसत असूनही औषधामागे धावत सुटणं, त्यावरचा ताबा जाणं, हे व्यसन. पहिल्या दोन गोष्टी औषध नियमित घेणाऱ्या कुणाच्याही शरीरात होऊ शकतात.

मग वेळेआधी मागणाऱ्याचं काय? आधी डॉक्टरांची ऑर्डर बघा, औषध किती तासांनी द्यायला सांगितलंय ते. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा परिणाम साधारण तीन-चार तास टिकतो. ऑर्डर सहा तासांनी असेल तर चौथ्या तासापासून तो घड्याळाकडे बघणारच. त्याला संशयित ठरवण्याआधी डॉक्टरांना फोन करून वेळापत्रक बदलून घेणं हे नर्सचं काम आहे.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण ‘व्यसन लागतच नाही’ हे सांगणारेही लोकांना फसवतात. १९८० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं : रुग्णालयात मॉर्फिन गटातली औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त ४ जणांत नव्याने व्यसन लागल्याची नोंद आढळली. पत्र रुग्णालयातल्या वापराबद्दल होतं. त्याचा आधार घेऊन महिनोन्‌महिने घरी गोळ्या घेणंही निर्धोक असल्याचा प्रचार अमेरिकेत झाला, आणि तिथे व्यसन व मृत्यूंचं मोठं संकट उभं राहिलं. आकडा खाली आणायचा म्हणून डोस चढवत नेणं ही नर्सिंगची रीत नव्हे. पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी गोळी, जागा बधिर करणारं इंजेक्शन, बर्फ, शेक, नीट दिलेली कुशी यांची जोड घातली की मॉर्फिन गटातलं औषध कमी लागतं. ते सुरू असेल तर बद्धकोष्ठतेची सोय पहिल्याच दिवशी करायची. घरी जाताना किती दिवस, किती गोळ्या आणि उरलेल्यांचं काय करायचं, हे समजावून सांगायचं. यातलं काहीच रुग्णाला खोटं ठरवून साधत नाही.

बाळांबद्दलचा समज वैद्यकाच्या इतिहासातला लाजिरवाणा भाग आहे. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर अगदी अपुऱ्या भुलेत शस्त्रक्रिया होत, कारण त्यांची मज्जासंस्था कच्ची म्हणून त्यांना दुखत नाही असं मानत. १९८७ मध्ये कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांवर केलेलं संशोधन प्रसिद्ध झालं : भुलेसोबत फेंटानिल हे मॉर्फिन गटातलं औषध दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी आला आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी झाल्या. आता टाचेतून रक्त घेतानासुद्धा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं, अंगावर पाजणं किंवा जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब देणं ही शिफारस आहे.

बोलू न शकणाऱ्यांसाठी तपासायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. लहान मुलांसाठीच्या फ्लॅक पद्धतीत चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. व्हेंटिलेटरवरच्या मोठ्या माणसात चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि यंत्राशी जुळवून घेणं बघतात. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वेगळी पद्धत आहे. इथे चेहरा बघतो तो शब्द मिळत नाहीत म्हणून, आणि ठरलेल्या खुणा शोधत. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर याही खुणा मिळत नाहीत. तेव्हा ज्या गोष्टीने कुणालाही दुखेल, त्याने या रुग्णालाही दुखतं असं धरूनच औषध द्यायचं असतं.

राहिला शेवटचा दावा, औषधाने आजार झाकला जातो. अचानक पोट दुखू लागलेल्या रुग्णांना निदानाआधी वेदनाशामक द्यावं का, हे प्रयोगांनी तपासलं गेलं आहे. त्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढलं नाही. दुखणं हा इशारा असतो हे मात्र खरं, आणि तो ऐकू यायचा तर आधी रुग्णाचं खरं मानावं लागतं. नडगीचं हाड मोडून प्लास्टर घातलेला तरुण डोस मिळूनही ‘पाचाचे आठ झाले, आठाचे दहा झाले’ म्हणत असेल आणि पायाची बोटं हलकेच वर ताणल्यावर किंचाळत असेल, तर आत स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असू शकतो. पायाची नाडी तेव्हाही लागू शकते, त्यावर विसंबू नये. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. अशा वेळी आणखी एक इंजेक्शन देऊन थांबायचं नाही आणि नाटक म्हणून पाठही फिरवायची नाही. पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा, उंच करायचा नाही. सर्जनला त्याच क्षणी बोलवायचं, आणि त्यांच्या सांगण्यानुसार प्लास्टर व पट्ट्या थेट कातडीपर्यंत उघडायच्या.