फ्रेशर पाहिजे, सीआयएसएसपी झालेला

सायबर सिक्युरिटीच्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचून करमणूक छान होते. ‘सिक्युरिटी ॲनालिस्ट, अनुभव ० ते २ वर्षं, सीआयएसएसपी असल्यास प्राधान्य.’ अहो, सीआयएसएसपी हे अनुभवी सिक्युरिटीवाल्यांचं प्रमाणपत्र, ते हातात पडायलाच पाच वर्षं प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं. पदवी असेल तर एक वर्ष माफ. आणि हीच मंडळी व्यासपीठावर चढून रडतात की माणसं मिळत नाहीत.

माझ्या मते माणसं आहेत. त्यांना आत घेणारी पहिली पायरी कुणी बांधलेलीच नाही.

नागरी सहकारी बँकांचंच घ्या. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत हल्लेखोरांनी एटीएम स्विचच्या (एटीएमची विनंती बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) जोडीला आपलं बनावट स्विच उभं केलं. पैसे काढण्याची विनंती सीबीएसपर्यंत (बँकेची खात्यांची मुख्य प्रणाली) पोचायच्या आधीच मधूनच ‘मंजूर’ असं उत्तर जात होतं. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या, सोमवारी स्विफ्टमधून (परदेशी पैसे पाठवायचं बँकांचं जाळं) हाँगकाँगला आणखी १३.९२ कोटी गेले. एकूण ९४ कोटींच्या घरात. स्विचने मंजूर केलेले व्यवहार आणि सीबीएसमधल्या नोंदी जुळतात का, हे शनिवारी संध्याकाळी बघायला कुणी महापंडित लागत नाही. खुर्चीत बसलेला, जागता माणूस लागतो.

पुढे नियम आले. सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ मध्ये सांगितलं की घटना सहा तासांत कळवा, लॉग, म्हणजे संगणकात आपोआप पडणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवा. लॉग ठेवलेही जातात. ते उघडून वाचतो कोण?

तर बाहेर शोधण्याआधी आपल्या ईडीपी (संगणक) विभागात बघा. डे-एंड (दिवसअखेरची प्रक्रिया) किती वाजता लागतो, बॅकअप कुठल्या युजर खात्याने चालतो, हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. ही माहिती कुठल्याच कोर्सात मिळत नाही. त्याला आठवड्याचे सहा तास मोकळे द्या आणि १६ जीबी रॅमचा एक पीसी द्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका पीसीत अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) वाझू (नोंदी गोळा करून इशारे देतं, फुकट आहे, एकट्यालाच ८ जीबी रॅम आणि ५० जीबी डिस्क द्या), शेजारी एक विंडोज मशीन, त्यावर सिसमॉन (मशीनवरच्या हालचाली टिपणारं साधन). बहुतेकांचं इथेच अडतं: दोन्ही मशीन साध्या ‘नॅट’ या नेटवर्क सेटिंगवर ठेवतात, मग ती एकमेकांना दिसत नाहीत आणि दोन दिवस वाझूला शिव्या घालण्यात जातात. ‘होस्ट-ओन्ली’ नेटवर्क जोडा. दुसरी अडचण, ४६८८ या नोंदीत (विंडोजवर प्रोग्राम सुरू झाला की पडणारी) कमांड लाइन, म्हणजे दिलेला नेमका आदेश, आपोआप येत नाही, पॉलिसीत वेगळी चालू करावी लागते. ती नसेल तर या नोंदीतून पॉवरशेल (विंडोजला आदेश देण्याचं साधन) चालली एवढंच कळतं, काय चालवलं ते नाही.

मग नोंदी वाचायला बसवा. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. एकाच खात्याचं ४६२५ दर पाच मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखं येतंय? बहुतेक वेळा तो हल्ला नसतो. कुणीतरी पासवर्ड बदलला आणि बॅकअपच्या जॉबमध्ये जुनाच राहिला. पण रात्री दोनला चाळीस वेळा ४६२५, त्यावर एक ४६२४ (लॉगिन झालं) आणि लगेच ४७२० (नवीन युजर तयार झाला), असं दिसलं की फोन उचलायचा. मागून ११०२ आलं, म्हणजे कुणी सिक्युरिटी लॉगच पुसला, तर साहेबांची झोपमोड झाली तरी चालेल. हा फरक सहा महिन्यांत हाताला बसतो. प्रमाणपत्राचा खर्च त्यानंतर करा, आधी नको.

आणि चोवीस तास नोंदींवर नजर ठेवायची, तर पाळ्यांचा हिशोब आधीच मांडा. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. भागाकार साडेतीन येतो. रजा, आजारपण, दिवाळी धरली की एका खुर्चीला पाच माणसं लागतात. तिघांत चोवीस तास चालवायला गेलात तर वर्षाच्या आत दोघे राजीनामा देतात, आणि शिकवलेलं सगळं शेजारच्या कंपनीत जातं. पाच परवडत नसतील तर दोन-तीन छोट्या बँकांनी मिळून एक खोली चालवावी. रात्रीच्या पाळीला भत्ता मात्र वेगळा द्या, चहाच्या पैशांत गुंडाळू नका.