मग सरळ द्रविड म्हण ना

बॉस्टनजवळ राहून अमेरिकन फुटबॉलवाल्या टॉम ब्रेडीबद्दल मत नसणं म्हणजे दादरला राहून सचिनबद्दल नसण्यासारखं. फक्त वाद दोन्हीकडे उलटे चालतात. मामा अजूनही फोनवर १९९९ ची चेन्नई कसोटी काढतो. पाकिस्तानविरुद्ध २७१ हव्या होत्या, दुखऱ्या पाठीने सचिनने १३६ काढल्या, तो बाद झाला तेव्हा १७ उरल्या होत्या आणि शेवटचे तीन गडी चार धावांत गेले. "एकटा काय काय करणार तो?" इकडे माझा शेजारी फावड्याने बर्फ उपसत म्हणतो, ब्रेडी काय, सगळी करामत त्याच्या पेट्रियट्स संघाच्या कोच बेलिचिकची.

शेजारी अगदीच चुकीचा नाही. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला, तरी बदली मॅट कॅसलला घेऊन पेट्रियट्सनी १६ पैकी ११ जिंकले. २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्धी सीॲटल गोलरेषेपासून यार्डभर अंतरावर होतं. पेट्रियट्सच्या माल्कम बटलरने पास मधेच पकडला, सामना वाचला. ब्रेडी तेव्हा कडेला उभा. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असला की ब्रेडीसारखा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक मैदानातच नसतो, हे मामाला पटवताना माझा अर्धा रविवार गेला.

मग २०२० मध्ये तो टॅम्पाला गेला. आदल्या हंगामात ७ जिंकून ९ हरलेला संघ. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याने त्यांना सुपर बोल जिंकून दिला, ३१-९. आणि पेट्रियट्स? त्याच्याविना ७ जिंकून ९ हरले. मी विजयी मुद्रेने हे सांगितलं, तर शेजारी म्हणाला, "त्या दिवशी टॅम्पाच्या बचावाने कॅन्सस सिटीला गोलरेषेपार जाऊन एकही टचडाउन करू दिला नाही." खरंय. काय बोलणार!

पण मला वाटतं, त्याचं कसबच असं की संघाशिवाय ते दिसत नाही. सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह नेटमध्येही डोळ्यांत भरतो. ब्रेडी पळायला मंद. २००० मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले, त्यात तब्बल १९९ वा. त्याची खुबी म्हणजे चेंडू हातात यायच्या आधीच समोरून कोण धावून येणार हे ओळखायचं आणि अंगावर कोणी पडायच्या आत मोकळ्या गड्याकडे फेकायचा. त्यातून साधेसुधे गडीही मोठे झाले. इथे संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. बाजारभावापेक्षा कमी पैसे घेऊन त्याने इतरांसाठी जागा ठेवली. हीसुद्धा मी गुणवत्ताच धरतो, शेजारी धरत नाही.

हे सगळं मामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अरे, मग सरळ द्रविड म्हण ना."