रोहिणीच्या पाण्याचं भांडण आणि आपण

आरक्षणाचा वाद पेटला, मग निवडणुका झाल्या, आणि आमच्या मराठवाड्यात कितीतरी गावांत माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. आडनाव बघून किराणा घेतला जातोय. आमच्या विहारात शेजारी बसून 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' (सगळे जीव सुखी होवोत) म्हणणारी माणसंसुद्धा, मत कुणाला दिलं यावरून अबोला धरून आहेत. याचा मला फार त्रास होतो.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून त्याचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांची मारामारी होते. सेनापती संघात, म्हणजे शाक्यांच्या सभेत, युद्धाचा ठराव मांडतो. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ भर सभेत उठून विरोध करतो. पहिला हात आपल्या माणसांनी उचलला, म्हणजे आपणही निर्दोष नाही, हे तो आपल्याच लोकांना सुनावतो. दोन माणसं त्यांची, दोन आपली, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा, असं सुचवतो. सूचना मोठ्या बहुमताने पडते. पुढे धमकी येते: घरच्यांवर बहिष्कार घालू, जमिनी काढून घेऊ. बहिष्कार काय असतो हे लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

मला करुणा दिसते ती इथे. तो गप्प बसत नाही, आणि समोरच्याला शत्रूही मानत नाही.

अर्थात, ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच आधी 'शांत राहा' म्हणणाऱ्यांची मला चीड आहे. खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडासारखं काही घडतं तेव्हा न्याय मागणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं असतं, त्यांना मैत्रीभावना शिकवायची नसते. पण चुलतभावाने दुसऱ्या पक्षाचा झेंडा लावला म्हणजे त्याने आपल्यावर अत्याचार केला असं होत नाही. त्याचं पटत नसेल तर मी त्याच्या घरी जाऊन तोंडावर सांगतो. ग्रुपवर त्याचा पाणउतारा करत नाही, आणि त्याच्या घरची मयत, बारसं, हळद चुकवत नाही.

त्या गोष्टीचा पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. सिद्धार्थ घर सोडून गेल्यावर शाक्यांचे बायका-पुरुष, पोरंबाळं फलक घेऊन रस्त्यावर उतरतात: कोलिय आमचे भाऊ आहेत. संघाला फेरविचार करावा लागतो, तह होतो, आणि पाणीवाटपाचे तंटे सोडवायला कायमचं लवाद मंडळ नेमलं जातं.